घंटेखाली बोललं ते माफ

एका गावात एक गुरुजी होते, आणि पुढे जे घडलं त्याला जबाबदार तेच होते. गावातली म्हातारी मंडळी अजून लाकडाला दोष देतात, लाकडातल्या भुंग्याला देतात, ग्रहांना देतात, आणि कुणीच उरलं नाही की पोरांना देतात. देऊ द्या. लाकूड बोलत नाही, भुंगा बोलत नाही. गुरुजी मात्र बोलत होते, रोज, तासभर, आणि तेही नीतीवर.

राजाचा हुकूम निघाला होता की गावोगावच्या शाळांत अक्षर-अंकांबरोबर धर्म आणि नीतीही शिकवावी. बाकीच्या गावांत मास्तरांनी चार श्लोक पाठ करून घेतले आणि हात झटकले. हे गुरुजी तसे नव्हते. पोरं चांगली निपजावीत असं त्यांना मनापासून वाटायचं. हे सांगितलंच पाहिजे. माणूस वाईट असता तर गोष्ट सांगायची गरजच नव्हती.

गुरुजींनी पोरांना घेऊन घरोघरची मोडकी पितळी भांडी गोळा केली. देवळातून फुटकी समई आली. दर्ग्याच्या मुजावरांनी चेपलेला लोटा दिला. जैन वाण्याच्या आईने कडा गेलेलं ताट दिलं. तांबटाने ते सगळं वितळवून एक भलीमोठी घंटा ओतली.

"बघा," गुरुजी म्हणाले, "आता यातली समई कुठली आणि लोटा कुठला, करा वेगळं."

पोरांनी घंटेभोवती फिरून फिरून पाहिलं. कुणाला करता आलं नाही. तो धडा खरोखर चांगला होता.

घंटा टांगायला शाळेच्या अंगणात दोन खांब रोवले, आणि वर आडवी तुळई दिली ती पाटलांनी. लालबुंद, गेरू आणि तेल पाजलेली. "अस्सल सागवान आहे," पाटील म्हणाले. "माझे पणतू हिच्याखाली उभे राहतील." पाटलांना नारळ दिला, टाळ्या झाल्या.

मग गुरुजींनी नियम केला. ज्याच्या हातून चूक झाली त्याने घंटेखाली जायचं, दोर ओढायचा, आणि चूक सगळ्यांसमोर सांगायची. सांगितली की माफ. मार नाही, टोमणा नाही, घरी चहाडी नाही. घंटेखाली बोललं ते माफ.

पहिल्यांदा नाम्या गेला. सगळ्यांत धाकटा, नाकातला शेंबूड बाहीला पुसणारा. त्याने दोर ओढला, घंटा वाजली, आणि तो एका दमात म्हणाला, "मी वाण्याच्या ढेपेतला गूळ खाल्ला."

वाणी तिथेच बसला होता. "तरी म्हटलं, मुंग्यांना एवढा गूळ कसा लागतो!"

सगळे हसले. नाम्याही हसला. माफी मिळाली. हळूहळू पोरांना त्या घंटेची सवय लागली. एकीने सांगितलं की भाऊ पडला नव्हता, तिनेच ढकलला होता. एकाने सांगितलं की म्हशीला चारा घातला असं तो म्हणाला होता, पण घातला नव्हता. पोरं घंटेखालून हलकी होऊन धावत यायची. पाचपन्नास कोसांवरून माणसं बघायला यायला लागली.

गावातली वडीलधारी मंडळी तर रोजच यायची. अंगणाशेजारच्या पारावर बसायची, पान जमवायची, दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका ऐकायची आणि माना डोलवायची. "काय संस्कार! वा!" त्यांच्यातला एकही कधी घंटेखाली उभा राहिला नाही. मोठ्यांसाठी घंटा नव्हती. असं कुणी ठरवलं, ते कुणी विचारलं नाही.

गुरुजीही कधी उभे राहिले नव्हते. ते अंगणाच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत, मृगाजिनावर बसून ऐकायचे. हे लक्षात ठेवा.

आता हौसाची गोष्ट. हौसा तेल्याची पोर. गावाची एक जुनी चाल होती: दर गुरुवारी प्रत्येक घराने पळीभर तेल द्यायचं. देवळातला नंदादीप आणि दर्ग्यातला चिराग, दोन्ही त्या एकाच तेलावर जळायचे. तेल गोळा करायचं काम तेल्याच्या घराकडे. बापाला घाणा सोडून जाता येत नसे, म्हणून हौसा बुधली घेऊन फिरायची. भरलेली बुधली पाटलांच्या घरी न्यायची, तिथे मापून दोन वाटे व्हायचे, एक देवाला, एक पिराला.

एवढं तेल जमायचं, तरी दोन्ही दिवे गावातली जेवणं उरकायच्या आतच विझायचे. नंदादीप म्हणे! म्हातारी माणसं सांगायची, "देव लवकर निजतो. आणि पीरबाबा साधे, त्यांना थोडकं पुरतं." पोरांना हेच सांगितलेलं होतं, आणि पोरांच्या आईबापांनाही लहानपणी हेच सांगितलेलं होतं.

एकदा हौसाने धर्माच्या तासाला विचारलं, "गुरुजी, देव खरंच लवकर निजतो?"

गुरुजींनी क्षणभर पाटलांच्या वाड्याच्या दिशेने पाहिलं. "निजतो," ते म्हणाले. "मोठ्यांनी सांगितलेल्या गोष्टींत अर्थ असतो. खाली बस."

हौसा खाली बसली. पण ती अशी पोर होती की खाली बसली तरी प्रश्न उभाच राहायचा.

मग एके दिवशी गुरुजींनी चोरीवर धडा घेतला. फार रंगून शिकवला. म्हणाले, "घरात शिरतो तोच चोर नाही. चोराला जो शिडी धरून देतो, तोही चोर. भीतीने धरली तरी चोर, मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून धरली तरी चोर. समजलं?"

"समजलं, गुरुजी," सगळी पोरं ओरडली. हौसा ओरडली नाही. तिला जरा जास्तच समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलेलं होतं. पारावर मंडळी होती, मधोमध पाटील होते. हौसा उठली, घंटेखाली गेली, आणि तिने दोर असा ओढला की पारावरची कबुतरं उडाली.

"मी चोरी केली," ती म्हणाली. "देवाच्या आणि पिराच्या तेलाची. दर गुरुवारी बुधलीतलं अर्धं तेल मी पाटलांच्या स्वयंपाकघरातल्या रांजणात ओतते. मला ओत म्हणाले, मी ओतलं. कुणाला सांगू नको म्हणाले, मी सांगितलं नाही. म्हणून दिवे विझतात. देव निजत नाही. तेल संपतं. मी चुकले."

झालं. घंटेचा उरलेला नाद अजून ऐकू येत होता.

पोरांनी गुरुजींकडे पाहिलं. सगळी हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती. आता गुरुजी म्हणणार, माफ. ते काय नवीन होतं?

पाटील मुळीच चिडले नाहीत. चिडणारी माणसं वेगळी. ते पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत शांतपणे म्हणाले, "पोर आहे. तिला काय कळतं? कुणीतरी पढवलं असणार. गुरुजी, तुम्ही शिकवता तरी काय हो इथं? मोठ्यांची अब्रू काढायला?"

"होय तर!" पारावरचा एक म्हातारा लगेच बोलला. "कलियुग."

गुरुजी उठून उभे राहिले. आणि आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. गुरुजींना ठाऊक होतं की हौसा खरं बोलतेय. त्या रांजणातलं तेल पाटलीणबाई दर शुक्रवारी तांब्याभर गुरुजींच्या घरी धाडायच्या. गुरुजींच्या घरचा दिवा कधी लवकर विझत नसे. ज्या दिव्यापाशी बसून ते दुसऱ्या दिवशीचा नीतीचा धडा तयार करायचे, तो त्याच तेलावर जळायचा.

शिवाय गुरुजींचं राहतं घर पाटलांचं. धान्य पाटलांच्या शब्दावर. आणि राजाचे दिवाण लवकरच घंटा बघायला येणार होते. सगळ्या राज्यात अशा घंटा बसवायच्या, असं घाटत होतं.

गुरुजींना एकच शब्द बोलायचा होता. माफ. दोन अक्षरं. ती त्यांनी गुळासाठी उच्चारली होती, म्हशीच्या चाऱ्यासाठी उच्चारली होती.

"हौसा," ते म्हणाले, "घंटेखाली आपली चूक सांगायची असते. दुसऱ्याची नाही."

"माझीच सांगितली, गुरुजी."

"मोठ्यांवर आळ घेणं हे पाप आहे. म्हण, मी खोटं बोलले."

हौसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, गुरुजी परीक्षा घेताहेत. असं कधीकधी घ्यायचे ते. "पण गुरुजी," ती म्हणाली, "तसं म्हटलं तर ते खोटं होईल."

पारावर कुणीतरी घसा खाकरला. पाटील आभाळाकडे बघत होते. गुरुजींचे कान लाल झाले. ते पोरांकडे वळले आणि धडा घोकून घेताना लावायचे त्याच चालीत म्हणाले, "मुलांनो, हौसा कशी?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हौसा कशी? खो-टा-र-डी. म्हणा."

"खोटारडी," दोघं-तिघं पुटपुटले.

"मोठ्याने."

"हौसा खोटारडी!" सगळी पोरं ओरडली. पोरं चालीवर काहीही म्हणतात. नाम्याही ओरडला, आणि मग त्याने बाहीने नाक पुसलं, डोळेही पुसले.

हौसाने पाटी उचलली, झोळीत घातली आणि ती फाटकातून निघून गेली. पुन्हा शाळेत आली नाही. बाप तिला राखायला शेळ्या घेऊन द्यायला तयारच होता. गाव म्हणालं, पोरीच्या जातीला शिकून काय करायचंय. तेल गोळा करायचं काम पाटलांनी स्वतःच्या गड्याकडे दिलं. देव पूर्वीसारखाच लवकर निजत राहिला.

घंटा बंद पडली नाही. उलट रोज वाजायची. पण पोरं आता भलत्याच गोड चुका करू लागली. "मी आज फूल तोडलं, झाडाला दुखलं असेल." "मी देवाला नमस्कार करताना एक डोळा उघडा ठेवला." पारावरची मंडळी विरघळून जायची. गुरुजीही खूश. त्यांना वाटलं, पोरं सुधारली. पोरं सुधारली नव्हती, शहाणी झाली होती. घंटेखाली काय बोलायचं आणि काय नाही, हा धडा त्यांना एका दिवसात पाठ झाला होता.

त्याच सुमाराला पोरांच्या डोक्यावर वरून पीठ पडायला लागलं.

पिवळसर, बारीक. घंटेखाली उभं राहून दोर ओढला की केसांत भुरभुरायचं. नाम्याने वर मान करून पाहिलं. गेरूच्या रंगात सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि त्यांतून भुसा. तो सुताराच्या गल्लीत राहायचा, त्याला कळलं. सागवानाला एवढ्यात भुंगा लागत नाही. ही सावरीची होती, जळणालाही कुणी विकत न घेणारी, वरून रंगवलेली.

"भुंगा लागलाय रे," त्याने हळूच सांगितलं. "आतून पोकळ झालीय."

"मग सांग की गुरुजींना."

"तू सांग."

"मी? तुळई कुणाची? पाटलांची. तुला कळतंय ना, पाटलांची? मला नाही व्हायचं खोटारडा."

"मग काय करायचं?"

काही नाही केलं. पोरं दोर ओढेनाशी झाली. बोटाने घंटेवर नुसती टिचकी मारायची, चूक सांगायची आणि चटकन बाजूला व्हायची. गुरुजींनी सावलीतून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "किती सौम्य झालीत मुलं! याला म्हणतात विनय." ते कधी घंटेखाली गेलेच नव्हते. गेले असते तर पीठ त्यांच्याही डोक्यावर पडलं असतं.

दिवाण आले. अंगणात सडा, रांगोळी, तोरणं. पाटलांनी नवा फेटा बांधला होता. पोरं ओळीने उभी राहिली, एकेक जण पुढे झाला, टिचकी वाजवून गोड चूक सांगून आला. दिवाण हे सगळं ऐकत होते. म्हातारा मुरलेला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलांचं ऐकलं. गुरुजी, तुमची चूक कुठली?"

"माझी?"

"हो. तुम्ही उभे राहात असालच की इथं. मुलं बघून शिकतात."

पारावर चुळबुळ झाली. गुरुजी हसले आणि उपरणं सावरत उठले. त्यांच्या मनात एक चूक तयारच होती, छानशी. एकदा ताप आला म्हणून संध्या चुकली होती. ती सांगायची, डोळे पाणावल्यासारखे करायचे. ते घंटेखाली जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा. त्यांनी उजव्या हाताने दोर धरला.

"गुरुजी, ओढू नका!"

कुंपणापलीकडून आवाज आला. शेळ्यांच्या मधोमध हौसा उभी होती. नाम्याने तिला तुळईचं कधीच सांगितलं होतं. "ओढू नका! तुळई पोकळ आहे! भुंग्याने खाल्लीय! बाहेर या!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. पाटील चटकन पुढे झाले. "दिवाणजी, लक्ष देऊ नका. ही जरा तशीच आहे. सागवान आहे ते, माझ्या हाताने दिलंय."

"गुरुजी, एकदा वर बघा तरी!" हौसा ओरडत होती.

नुसती मान वर करायची होती. पण मान वर केली असती तर हौसा खरं बोलू शकते असं झालं असतं. आणि ती आज खरं बोलू शकते, तर त्या दिवशीही बोलली असेल. ते गुरुजींना परवडणारं नव्हतं. त्यांनी दिवाणांकडे बघून स्मित केलं, आणि पोरांकडे वळून त्याच जुन्या चालीत विचारलं, "मुलांनो, हौसा कशी?"

ओळीतल्या प्रत्येक पोराला तुळईचं ठाऊक होतं. प्रत्येकाने गुरुजींकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं. मग शिकवलं होतं ते सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

"खोटारडी!"

गुरुजींनी दोर ओढला. चांगला जोरात, दिवाणांना नाद ऐकू जावा म्हणून.

तुळई मधोमध मोडली. आधी भुसा पडला, मग घंटा. गुरुजी मागे सरले म्हणून डोकं वाचलं. दोर धरलेला हात वाचला नाही.

कुंपणावरून उडी मारून सगळ्यांत आधी पोचली ती हौसा. घंटा बाजूला लोटायला पुढे झाली तीही हौसा, आणि मग बाकीची पोरं. पारावरची मंडळी "अरे अरे" करत पारावरच उभी होती. दिवाणांनी खाली वाकून मोडक्या तुळईचा तुकडा उचलला, बोटांनी चुरला, पाटलांच्या नव्या फेट्याकडे एकदा पाहिलं, आणि ते काही न बोलता पालखीत बसले. घंटेचा विषय दरबारात पुन्हा निघाला नाही.

वैद्याने हात बांधला. संध्याकाळी नाम्या गुरुजींना पाणी द्यायला आला.

"नाम्या," गुरुजींनी विचारलं, "तुला माहीत होतं? तुळईचं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, गुरुजी."

"मग एकानेही सांगू नये मला?"

नाम्याला प्रश्नच समजला नाही. "हौसाने सांगितलं की," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत. मग तुम्ही आम्हाला विचारलंत, हौसा कशी."

गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं.

काही दिवसांनी त्यांनी हौसाला बोलावणं धाडलं. ती आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू खरं बोलत होतीस. मला ठाऊक होतं. शाळेत परत ये."

"येते," हौसा म्हणाली. "पण हे इथं नका सांगू. अंगणात सांगा. पोरांसमोर, आणि पारावरच्यांसमोर. जिथं मला खोटारडी म्हटलंत, तिथं."

"घंटा तर पडली गं."

"घंटेशिवायही बोलता येतं, गुरुजी."

गुरुजींनी दुखऱ्या हाताकडे पाहिलं, मग दाराबाहेर, पाटलांच्या वाड्याकडे. शुक्रवार होता. कोपऱ्यात पाटलीणबाईंचा तांब्या येऊन पडला होता. "बघू," ते म्हणाले. "जरा बरं वाटू दे."

हौसा थोडा वेळ थांबली. मग शेळ्या ओरडायला लागल्या म्हणून गेली.

गुरुजी बरे झाले, पण त्यांनी अंगणात कधीच काही सांगितलं नाही. त्यांनी पुढेही पुष्कळ वर्षं नीती शिकवली. पोरं प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायची, आणि त्यांच्याशी त्यापलीकडे एक शब्द बोलायची नाहीत.

तात्पर्य: पोरांना खरं बोलायला शिकवायचं, तर आधी ते ऐकून घ्यायची हिंमत लागते. गुरुजींकडे ती नव्हती. त्यांचा उजवा हात कायमचा गेला.